सोसले ते सत्कारणी लागावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी अंगणात तूर निवडीत बसले होते. त्या म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "बाई, मी काय बोलणार? मी दहावीपर्यंत शिकलेली." त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही घरोघर जाऊन जे बोलता, तेच इथे बोला." म्हणून मी उभी राहिले आहे. माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाल्यास आपण सांभाळून घ्यावे.

मी घरोघर जाते, हे आपल्याला माहीत आहे. ज्या घरचा कर्ता पुरुष गेला त्या घरी मी जाते. आपल्या देवळी, सेलू, हिंगणघाट या भागांतल्या शेतकऱ्याच्या घरात तो कसा गेला, हे पुष्कळदा विचारावे लागत नाही. माझ्याही घरातून एक माणूस तसाच गेला. २००६ सालची गोष्ट. पऱ्हाटीला बोंडे धरली नव्हती. बँकेचे कर्ज थकलेले, म्हणून नवे मिळेना. मग गावातल्याच एकाकडून चिठ्ठीचपाटीशिवाय पैसे घेतलेले. मी एकोणतीस वर्षांची होते. मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाचांचा. त्या दिवसाचे वर्णन मी करणार नाही. ते मी कुठेच करीत नाही.

मला आज बोलायचे आहे ते त्यानंतरच्या गोष्टींविषयी. दुःख प्रत्येकीच्या वाट्याला येते. परंतु सोसलेल्या दुःखाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आहे.

पुष्कळ लोक म्हणतात, सोसलेले माणूस मायाळू होते. मला हे पूर्णपणे पटत नाही. आपण सगळ्या घरात राहिलेल्या बायका आहोत, खोटे कशाला बोलावे? सासूने छळले म्हणून सुनेला छळणाऱ्या बायका आपण पाहिल्या नाहीत काय? "आम्ही सोसले, तुला सोसायला काय झाले?" हे वाक्य कुणी ऐकले नाही? सोसण्याने माणूस कडूही होते. मी स्वतः झाले होते. तीन-चार वर्षे मला कुणाच्याही घरचे लग्न, बारसे सहन होत नसे. दुसऱ्या एखाद्या घरावर तसाच प्रसंग आला, की मनात दुःख होई, पण त्याच्याच खाली, "आता कळेल यांना," असेही येई. हे मी आज प्रथमच उघड बोलते आहे. तेव्हा दुःख आपोआप माणसाला चांगले करीत नाही. ते कामाला लावावे लागते.

ज्यांनी ते कामाला लावले, त्यांत पहिले नाव मला घ्यावेसे वाटते ते आपल्या वर्धा जिल्ह्याच्या लेकीचे. सिंधुताई सपकाळ. १४ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या पिंपरी मेघे येथे गुरे चारणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलगी नकोशी, म्हणून नाव ठेवले 'चिंधी'. चौथीपर्यंत कशीबशी शाळा झाली, आणि अजाण वयातच आपल्याहून कितीतरी मोठ्या पुरुषाशी लग्न झाले. पुढे पोटुशी असताना नवऱ्याने संशयावरून मारून घराबाहेर काढले. १९७३ साली गाईच्या गोठ्यात त्या बाळंत झाल्या. जवळ सुईण नाही की कुणी नाही. नाळ स्वतःच दगडाने ठेचून तोडली. माहेरचेही दार उघडले नाही. मग तान्ही पोर कडेवर घेऊन रेल्वेगाड्यांतून गाणी म्हणत भीक मागितली, आणि रात्री माणसांची भीती वाटे म्हणून स्मशानात काढल्या.

एवढे आपल्याला सिनेमावरून ठाऊक आहे. २०१० साली तो सिनेमा निघाला तेव्हा आपल्यापैकी कित्येकींनी तो पाहिला आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले. परंतु माझे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे गेले. फलाटावर भीक मागताना त्यांना दिसले की आपल्यासारखीच टाकलेली मुले इथे पुष्कळ आहेत. मिळालेल्या भाकरीचा तुकडा त्या त्यांना देऊ लागल्या. अजून त्यांचे स्वतःचे घर झाले नव्हते. आपले सगळे नीट होईल, मग दुसऱ्याचे पाहू, असे त्या म्हणाल्या नाहीत. आपण नेमके इथेच अडतो. मुलीचे लग्न होऊ दे, घराचा स्लॅब पडू दे, मग मंडळाचे काम करू, असे आपले चालते.

पुढे त्यांनी चिखलदऱ्याला मुलींचे वसतिगृह काढले, सासवडजवळ कुंभारवळणला आणि पुण्याला हडपसरला मुलांची घरे उभी केली, आणि आपल्या वर्ध्यातही वडिलांच्या नावाने अभिमान बाल भवन काढले. अनाथ मुलांना वाढवताना आपल्या पोटच्या मुलीकडे मन ओढ घेईल, दुजाभाव होईल, म्हणून त्यांनी आपली ममता पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीच्या संस्थेच्या हवाली केली. हे आपल्याच्याने होणार नाही, आणि सगळ्यांनी ते करावे असेही मी म्हणत नाही. ज्या नवऱ्याने हाकलले तो म्हातारपणी आधाराला आला, तेव्हा त्यालाही त्यांनी मूल म्हणून ठेवून घेतले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या पुण्याला वारल्या. नकोशी म्हणून जिचे नाव ठेवले होते, तिला शेवटी हजारो लोक 'माई' म्हणत होते.

दुसरे नाव नागपूरच्या कमलाताई होस्पेट यांचे. नव्या मुलींना हे नाव ठाऊक नसेल. लहान वयात त्यांना वैधव्य आले. त्या काळच्या विधवेची दशा काय असे, ते आपल्या आज्यांनी सांगितले आहे. त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासह नागपुरात मातृसेवा संघ काढला. ज्या काळी बाळंतीण अंधाऱ्या खोलीत मरे, त्या काळी या बाईने बाळंतपणाची सुतिकागृहे उभी केली, आणि विधवांना सुईणीचे, परिचारिकेचे काम शिकवून पोटाला लावले. ज्या बाईचे तोंड सकाळी पाहू नये असे लोक म्हणत, तिच्याच हातांनी हजारो मुले जगात आली. १९६१ साली सरकारने त्यांनाही पद्मश्री दिली.

आता कुणी म्हणेल, त्या थोर बाया, आपण साध्या. म्हणून मी आता माझे साधे सांगते.

माझ्या पतीच्या वाट्याला भावाभावांच्या वाटणीत पाच एकर आले होते. ते गेले, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी घरच्याच एका वडील माणसाने मला तालुक्याला नेले. म्हणाले, "सरकारी मदतीसाठी एक सही लागते." मी डोक्यावरून पदर घेऊन गेले. कचेरीत गर्दी होती. मी काही वाचले नाही. मला वाचता येत होते, बरे का! दहावी झालेली मी. पण त्या दिवसांत अक्षर डोळ्यांपुढे ठरत नसे, आणि वडील माणसासमोर कागद वाचायला घेणे उद्धटपणाचे वाटे. मी सही केली. ते हक्कसोडपत्र होते. माझा हिस्सा मी आपल्या हाताने सोडून दिला होता.

हे मला कळले दीड वर्षाने, सात-बाऱ्याचा उतारा काढला तेव्हा. त्या दिवशी मी बांधावर बसून जी रडले, तशी पती गेले त्या दिवशीही रडले नव्हते. तेव्हा सासूबाई जवळ आल्या. आमच्या सासूबाई आर्वीकडच्या, बोलणे फटकळ. म्हणाल्या, "रडून काय होते, पोरी? जाऊन विचार कोणाले तरी. माह्या हिश्शाची सही मी देत नाही, जा!" भगिनींनो, त्या माउलीचा मुलगा गेला होता. तरी ती माझ्या बाजूने उभी राहिली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मी विचारीत विचारीत वर्ध्याच्या न्यायालयात गेले. तिथे विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. बाईमाणसाला, तिचे उत्पन्न कितीही असो, तिथे वकील फुकट मिळतो. हा कायदा १९८७ चा आहे. हे मला कुणी सांगितले नव्हते. तिथल्या वकीलबाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचा हिस्सा गेला. पण नवऱ्यामागे बायको, मुले आणि आई यांना सारखा वाटा असतो. तुम्ही चौघे वारस. मुले अज्ञान आहेत, त्यांचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणी सोडू शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही." अशा रीतीने मुलांचे अडीच एकर वाचले, सासूबाईंचे सव्वा एकर वाचले, आणि माझे सव्वा एकर गेले ते गेले. मी भांडले नाही. दोन मुले शिकवायची होती. कोर्टात उमर घालवायला माझ्याजवळ उमर नव्हती. सरकारच्या एक लाखाच्या मदतीचेही तसेच झाले. २००६ च्या निर्णयाप्रमाणे कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे लागे. बँकेची थकबाकी आमच्या नावावर होती. परंतु तिचा दाखला कुणी वेळेवर जोडला नाही, आणि चिठ्ठीचपाटीशिवायचे कर्ज कुणी धरीना. प्रकरणावर 'अपात्र' असा शिक्का बसला.

पुढे चार-पाच वर्षांनी शेजारच्या गावी तशीच एक पोर विधवा झाली. त्या घराशी आमचे बरे नव्हते. माझ्या वाईट काळात त्यांनी मला एकदा दारातूनच परतविले होते. मी जाणार नव्हते. दहाव्या दिवशी बातमी आली की तिच्या दिराने तिला तालुक्याला न्यायची तयारी चालविली आहे, "मदतीच्या सहीसाठी." माझ्या हातातले ताट तसेच राहिले. मी बसने गेले आणि तिला एवढेच म्हटले, "बाई, सही करू नको. कागद मला वाचून दाखव." तिने तो मागून आणला. हक्कसोडपत्रच होते.

ती सही झाली नाही. त्या दिवशी परत येताना मला वाटले, माझे सव्वा एकर गेले ते फुकट गेले नाही. त्यानंतर आजवर कित्येकींच्या घरी मी गेले. मोजदाद मी ठेवलेली नाही.

परंतु या कामात मी चुकाही पुष्कळ केल्या, आणि त्या सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. एका घरी मी गेले आणि माझीच कहाणी सांगत बसले. तासभर बोलले. माझे डोळे भरून आले. शेवटी ती बिचारी उठली, मला पाणी दिले, चहा केला, आणि माझीच समजूत घालू लागली! घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, "तू तिले धीर द्याले गेली होती, का घ्याले?" तेव्हापासून मी नियम केला. आपले दुःख हे दार उघडण्यापुरते. "मीही यातून गेले आहे," एवढे एक वाक्य पुरते. आत गेल्यावर बोलायचे तिने, ऐकायचे आपण.

दुसरी गोष्ट. काय बोलू नये, हे ज्याने सोसले त्याला ठाऊक असते. "देवाची इच्छा" म्हणू नये. "लेकरांकडे पाहून राहा" हे तिला शंभर जणींनी सांगितलेले असते. "त्याने असे करायला नको होते" हे तर मुळीच म्हणू नये. ते ती रात्रंदिवस स्वतःच म्हणत असते. मला त्या दिवसांत आठवते ते एका शेजारणीचे काम. ती काही बोलली नाही. रोज सकाळी येई, चूल पेटवी, मुलांच्या वेण्या-आंघोळी करी आणि निघून जाई. असे अकरा दिवस.

तिसरी गोष्ट, कागदांची. ती मी जरा सविस्तर सांगते, कारण ही स्मरणिका घरात राहील आणि कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावा; आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नये. अर्जात बायको, सगळी मुले, लग्न झालेल्या मुलीसुद्धा, आणि सासू, ही सर्व नावे आहेत की नाहीत ते पाहावे. घर दारिद्र्यरेषेखालचे असेल, तर कर्ता माणूस गेल्यावर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाली. त्याचा अर्ज तहसिलीत. कर्ज बँकेचे असेल तर थकबाकीचा दाखला बँकेकडून आपणच मागून घ्यावा आणि आपणच जोडावा. आणि मुख्य म्हणजे, दुःखाच्या दिवसांत कुठल्याही कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, मग तो कागद पुढे करणारा कितीही जवळचा असो. "मुलांच्या मामाला दाखवून सही करते," एवढे म्हणावे. त्याने कुणाचा अपमान होत नाही.

चौथी गोष्ट. काही दुःखे आपल्या आवाक्याबाहेरची असतात, हे ओळखावे. एखादी बाई जेवत नाही, झोपत नाही, "मलाही जायचे आहे" असे बोलू लागली, तर तिला एकटी सोडू नये आणि आपणच सारे निभावून नेऊ अशा भरवशावरही राहू नये. तिला दवाखान्यात न्यावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. मी एकदा उशीर करणार होते. तिच्या धाकट्या मुलीने माझा हात धरून थांबविले म्हणून झाला नाही. त्यापेक्षा अधिक मी सांगत नाही.

आता शेवटचे बोलते. ते बोलू की नको, याचा मी चार दिवस विचार केला.

भगिनींनो, हे मंडळ माझे आहे. या मंडळाने मला शिवणाचे यंत्र हप्त्याने दिले, माझ्या मुलीच्या पुस्तकांना पैसे दिले. मुलगी आज परिचारिका आहे, मुलगा शेती करतो. मंडळाचे हे ऋण मी मानते. परंतु पती गेल्यावर नऊ वर्षे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे माझ्या घरी आले नाही. दहाव्या वर्षी आले, तेव्हा तिळगूळ दिला, वाण दिले आणि कुंकवाची कुयरी माझ्यापुढून अलगद पुढे नेली. कुणी मुद्दाम केले नाही. जिने केले तिचाच चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरला होता. तिला काय करावे ते कळेना, मलाही कळेना.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने ग्रामसभेत ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा आमच्या गावात बंद. पुढे त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करण्याविषयी कळविले. एक साधे गाव हे करू शकते. आपल्या मंडळाला तर ग्रामसभाही बोलवावी लागणार नाही. आपण सगळ्या इथेच बसलेल्या आहोत.

मी माझ्यासाठी मागत नाही. माझे वय आता गेले. आपल्या मंडळात आज सात जणी विधवा आहेत, त्यांत दोघी तिशीच्या आतल्या आहेत. त्या दोघी आज सर्वांत मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या आहेत. का बसल्या आहेत, ते मला ठाऊक आहे. मीही तिथेच बसत असे. माझी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे की, येत्या संक्रांतीला मंडळाचे पहिले कुंकू त्या दोघींच्या कपाळी लागावे. ते लावायचे की नाही, हे त्यांना आधी घरी जाऊन विचारावे. नको म्हणाल्या तर आग्रह नको. विचारायला मी जाईन.

माझे सव्वा एकर गेले, पण त्याने दुसऱ्या घरांतल्या कित्येक सह्या थांबल्या. नऊ संक्रांती मी घरात बसून काढल्या. त्याही अशाच कुणाच्या तरी कामी याव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.